दुखणं कमरेचं, साक्ष पायाची

कंबरदुखीला आमच्या धंद्यात कुणी दुखणं म्हणत नाही. दिवसभर मशीनवर बसायचं म्हटल्यावर संध्याकाळी कंबर धरणारच. पर्वती पायथ्याला घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. नवरात्र ते दिवाळी आणि मग तुळशीचं लग्न लागलं की सुरू होणारी लग्नसराई, या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे गेल्या वर्षी श्रावणात कंबर धरली तेव्हा बाम चोळला आणि पुढचा ब्लाउज हातात घेतला.

आठवडाभरात कंबर जवळजवळ थांबली आणि दुखणं पायात उतरलं. उजव्या कुल्ल्यात खोलवर काहीतरी रुतून बसल्यासारखं वाटायचं. तिथून मांडीच्या बाहेरच्या अंगाने, नडगीच्या कडेने थेट पावलाच्या वरच्या भागापर्यंत सणक जायची. शिंक आली की सणक, खोकला आला की सणक. संडासात जोर केला तरी तेच. बसलं की वाढायचं, उभं राहून चार पावलं टाकली की जरा सुसह्य व्हायचं. अंगठ्याच्या मुळाशी चामडी बधिर आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूला सतत मुंग्या. कंबर दुखत नसल्यामुळे मी सगळ्यांना सांगत होते, "पाय दुखतोय." कमरेतली नस दबून पायात उतरणाऱ्या या दुखण्याला सायटिका म्हणतात, हे मला पुढे कळलं.

आणि पाय दुखतो म्हटल्यावर लोक पायाचेच उपाय सांगणार. पोटरी दाबून घे, कॅल्शियम कमी झालंय, चप्पल बदल. सासूबाईंना मात्र सुरुवातीची कंबर आठवत होती. त्या म्हणाल्या, उसण भरलीय, पायाळू माणसाची लाथ घे पाठीवर. आमच्या वरच्या मजल्यावरचा एक मुलगा पायाळू आहे. त्या बिचाऱ्याच्या मागे सगळ्या वाड्याचा हा उद्योग लहानपणापासून लागलेला आहे. तो आला, संकोचत पाय लावला, चहा पिऊन गेला. शेजारच्या काकूंनी निर्गुडीचं तेल दिलं, जाऊबाईंनी त्यांचा कमरेचा पट्टा. ह्यांच्या मित्राने एका हाडवैद्याचं नाव काढलं, तो म्हणे एका झटक्यात नस बसवतो. तिथे मी गेले नाही. आत काय बिघडलंय ते न बघता हिसका देणारा माणूस मला माझ्या मणक्याजवळ नको होता. तेल आणि शेकाबद्दल माझी तक्रार नाही, अंग सैल पडायचं, रात्री दोन तास जास्त झोप लागायची. त्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये इतकंच.

आमचे फॅमिली डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत. गोळी लिहायच्या आधी बोलतात. मी पाय दाखवला तर त्यांनी विचारलं, लघवी नीट होते का, झाल्याचं कळतं का? मी गोंधळले. पुढे त्यांनी विचारलं, संडासवर ताबा आहे ना? जांघेत, बसायच्या जागी बधिर वाटतं का? दोन्ही पायांत काही? ताप, वजन उतरलंय, पूर्वी टीबी, कॅन्सर, स्टिरॉइडच्या गोळ्या? पडलात वगैरे? रात्री आडवं झाल्यावरही न थांबणारं दुखणं आहे का? सगळ्याला नाही म्हणत गेले, पण मनात आलं की ह्यांना पायाशी काही देणंघेणं आहे की नाही.

त्यांनी मग समजावून सांगितलं, आणि या सगळ्या प्रकरणात कामाची म्हणून जी गोष्ट मी शिकले ती हीच. पाठीच्या मणक्यांतून खाली जाणाऱ्या नसांचा जुडगा कमरेत असतो. तो सगळाच दाबला गेला तर लघवी अडते किंवा नकळत होते, संडासचा ताबा जातो, बसायच्या जागेची जाणीव जाते, दोन्ही पायांतला जोर जातो. असं झालं तर तेल नाही, गोळी नाही, उद्या बघू नाही. रात्री दोन वाजले असतील तरी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं, वाहन नसेल तर १०८ ला फोन करायचा. कारण तिथे तातडीच्या शस्त्रक्रियेला उशीर झाला तर लघवी-संडासचा ताबा कायमचा जाऊ शकतो. "पाय कितीही दुखला तरी तुम्ही सकाळपर्यंत थांबू शकता," ते म्हणाले, "पण यातलं एकही झालं तर थांबायचं नाही." बायका हे लाजेने बोलत नाहीत, म्हणून मी मुद्दाम सगळं उघड लिहिते आहे.

एक्स-रे त्यांनी लगेच काढला नाही, तेव्हा घरात नाराजी पसरली. आमच्याकडे एक्स-रे काढला नाही तर डॉक्टरने बघितलंच नाही असा समज आहे. त्यांचं म्हणणं असं, की एक्स-रेत हाडं दिसतात, मणक्यांमधली गादी आणि नस दिसत नाही. आणि पंचेचाळिशीच्या माणसाचा एक्स-रे काढला की कुणीतरी 'गॅप आहे' म्हणणारच, मग माणूस आयुष्यभर तो गॅप उराशी धरून बसतो. साखर आणि बी १२ मात्र तपासून घेतलं. मी शाकाहारी, बी १२ थोडं कमी निघालं. त्याच्या गोळ्या दिल्या, पण त्याने ही सणक थांबेल असं समजू नका हेही सांगितलं. बी १२ कमी असेल तर मुंग्या येतात त्या दोन्ही पायांत, मोज्यांसारख्या सारख्या. एकाच पायाच्या एकाच पट्ट्यात नाही.

पट्टा हा शब्द तेव्हा डोक्यात राहिला.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी, मला काकू म्हणणारी. तिने विचारलं, "काकू, नेमकं कुठून कुठे जातं?" मी हाताने सगळा पाय झाडला, "हे असं सगळीकडे." तिला ते पुरेना. घरी जाऊन बघा आणि उद्या सांगा म्हणाली. घरी आल्यावर मी जुनी सलवार घातली, शिलाईचा खडू घेतला आणि जिथे जिथे सणक जायची तिथे तिथे कपड्यावर रेघ ओढत गेले. सणकेला निळी रेघ, बधिरपणाला पांढरा ठिपका, मुंग्यांना तुटक टाके असतात तशी तुटक रेघ. सलवार पसरून बघितली तर मीच चकित. सगळीकडे काही नव्हतंच. कुल्ल्यापासून निघून मांडीच्या शिवणीच्या कडेने, गुडघ्याच्या बाहेरून, नडगीवरून तिरकी पुढे येऊन अंगठ्यापाशी संपणारी एकच वाट होती.

दुसऱ्या दिवशी ती सलवार मी पिशवीतून नेली. मुलगी इतकी खूश झाली की तिने फोटो काढायची परवानगी मागितली. मग टेबलावर ठेवलेला मणक्याचा सांगाडा घेऊन बसली. कमरेत पाच मणके, एल १ ते एल ५, त्याखाली त्रिकास्थी, तिच्या पातळ्या एस १ पासून पुढे. दर दोन मणक्यांमध्ये गादी. प्रत्येक पातळीवरून नसेची एकेक जोडी बाहेर पडते. एल ४ पासून एस ३ पर्यंतच्या मुळांची मिळून सायटिक नस होते, शरीरातली सगळ्यात जाड नस, करंगळीएवढी. प्रत्येक मुळाचा पायातला इलाका ठरलेला. एल ४ दबली तर मांडीच्या पुढून गुडघा आणि नडगीची आतली बाजू. एल ५ दबली तर नडगीची बाहेरची बाजू, पावलाचा वरचा भाग आणि अंगठा. एस १ दबली तर पोटरी, टाच, पावलाची बाहेरची कड आणि करंगळी. "तुमची सलवार एल ५ म्हणतेय," ती म्हणाली.

गादीचं तिने सांगितलं ते मी माझ्या भाषेत असं समजले: करंजीची कड सुटून सारण बाहेर यावं तसा गादीच्या आतला मऊ भाग मागच्या कडेतून बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेला लागतो. नुसता दाबच नाही, त्या सारणामुळे नसेभोवती सूज येते आणि ती आग आग होते. दुखणं पायात असतं, पण बिघाड तिथे नसतो. म्हणून पोटरी कितीही दाबली तरी पोटरीला काही झालेलंच नव्हतं.

उताणं झोपवून तिने माझा उजवा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू उचलला. अर्ध्यावरही गेला नाही तोच सणक पावलापर्यंत गेली. साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये अशी सणक खाली उतरली तर नस ओढली जातेय असं धरतात. नुसती मांडीची मागची शीर ताणली तर ते वेगळं. मग टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, अंगठा वर धरायला सांगून तो खाली दाबून बघितला. गुडघ्यावर आणि टाचेच्या शिरेवर हातोडीने ठोकलं. या सगळ्याला दहा मिनिटं लागली असतील, यंत्र एकही लागलं नाही.

त्यानंतर मला सवयच लागली. घरात, दारात जो तो 'माझीपण नसच आहे' म्हणायचा, त्यांना मी पट्टा विचारू लागले. काकूंच्या दोन्ही तळपायांची आग रात्री अंथरुणात वाढायची, त्यांची साखर कित्येक वर्षं वरखाली आहे. त्यांचं दुखणं कमरेतून येतच नव्हतं. सासूबाईंचं आणखी वेगळं. त्यांना सारसबागेपर्यंत चालत गेलं की दोन्ही मांड्या-पोटऱ्या भरून यायच्या, कठड्यावर बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळं व्हायचं. भाजीची ढकलगाडी धरून वाकून चालायला मिळालं तर त्या मंडईभर फिरतील. तो म्हणे वयाने मणक्यातली नसांची वाटच अरुंद होण्याचा प्रकार. आणि समोरच्या आजोबांना चाललं की पोटरीत गोळा, पण नुसतं उभं राहिलं तरी दोन मिनिटांत जायचा, बसायचीही गरज नाही. त्यांना फॅमिली डॉक्टरांनी पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला पाठवलं. आयुष्यभर विड्या ओढल्या आहेत त्यांनी. एकाच वाड्यातली चार माणसं, चौघांच्याही तोंडी 'नस', आणि चौघांची वाट चार डॉक्टरांकडे जाणारी.

व्यायामाचंही तसंच. मला त्या मुलीने पालथं झोपून कोपरांवर, मग तळहातांवर छाती उचलायला शिकवलं. केल्यावर दुखणं पावलातून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यातून मांडीपर्यंत असं वर सरकत गेलं तर कंबर जास्त दुखली तरी घाबरू नका, ते चांगलं लक्षण. उलट खाली उतरायला लागलं तर लगेच थांबा. न्यूझीलंडच्या मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टला हे १९५६ साली एका रुग्णामुळे योगायोगानेच उमगलं, असं तिने सांगितलं. तो रुग्ण उशाकडून उंच केलेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला आणि उठला तर पाय मोकळा. माझ्या बाबतीत सणक खरंच हळूहळू वर चढू लागली. ते बघून सासूबाईंनीही माझ्याबरोबर पालथं होऊन छाती उचलली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना चालवेना. पुढे वाकून ज्याला बरं वाटतं त्याला मागे वाकवून कसं चालेल? मोबाइलवर 'सायटिकाचे पाच व्यायाम' बघून करणाऱ्यांनी एवढं एक ध्यानात घ्यावं.

अंथरुणाला खिळून राहायचंही तिने मोडून काढलं. १९९९ साली नेदरलँडमध्ये सायटिकाच्या रुग्णांची दोन गटांत तुलना झाली, एका गटाला दोन आठवडे सक्तीची विश्रांती, दुसऱ्याला जमेल तसं हिंडाफिरायला सांगितलं. विश्रांतीने काही जास्त फायदा झाला नाही. मला वाटतं, आमच्या घरातल्या पुरुषांना ही बातमी आवडली.

इथवर सगळं सरळ चाललं होतं. मग मशीन बिघडलं असं मला वाटलं.

माझ्या मशीनला मोटर आहे, उजव्या पायाखाली पायडल. गळ्याचा कोपरा शिवताना नेमक्या टाक्यावर पाय उचलावा लागतो. तर टाके पुढे जायला लागले. एक, दोन, कधी तीन. उसवायचं, परत शिवायचं, परत तेच. पायडलची स्प्रिंग गेली म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्याने बसून बघितलं, मशीन ठणठणीत. त्याच सुमारास जिना चढताना उजव्या पायातली चप्पल निसटायची. दुखणं तेव्हा कमी झालेलं होतं, त्यामुळे मी खुशीत होते. फिजिओथेरपिस्टने पुन्हा टाचांवर चालवलं तर उजवा चवडा खाली पडत होता. अंगठा वर धरला तर तिने एका बोटाने दाबून खाली आणला. तिचा चेहरा बदलला. दुखणं कमी होऊन जोर कमी होणं हे बरं होणं नव्हे, असं तिने स्पष्ट सांगितलं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. एमआरआय तेव्हा झाला. आधी काढून उपयोगही नसतो म्हणतात. धोक्याची लक्षणं नसतील तर पहिले सहा आठवडे थांबायची पद्धत आहे, कारण बहुतेकांचं तेवढ्यात उतरायला लागतं.

एमआरआयला धातू काहीही अंगावर चालत नाही. मंगळसूत्र, बांगड्या काढल्या. "अजून काही?" म्हणून तिथल्या मुलाने विचारलं तर मी कुर्त्याच्या कडेला टोचलेल्या टाचण्या काढायला लागले. त्या संपेचनात. शेवटी त्यांनी मला त्यांचाच गाऊन दिला. बाकी त्या नळकांड्यात काही विशेष नाही, आवाज फार.

रिपोर्ट मात्र भयंकर. एल ४-५ ला उजवीकडे गादी बाहेर येऊन एल ५ नस दबलेली, एल ५-एस १ ला गादी सुकलेली आणि फुगलेली, एल ३-४ लाही फुगवटा. वाचून असं वाटावं की ही बाई उभी राहते तरी कशी. तो घेऊन मी ज्या पहिल्या सर्जनकडे गेले त्यांनी फिल्म दिव्यासमोर धरली, मला टेबलावर घेतलंच नाही, आणि पुढच्या आठवड्यातली तारीख काढली. दोन पातळ्यांवर स्क्रू टाकावे लागतील म्हणाले. नाही केलंत तर व्हीलचेअर. खर्चाचा आकडा ऐकून हे गप्प झाले. मी त्यांना सलवारीबद्दल सांगायला लागले तर ते पुढच्या पेशंटची फाइल बघत होते.

फिजिओथेरपिस्टने मग मला एक तक्ता दाखवला. २०१५ साली छापून आलेला, ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा. चाळिशीतल्या निरोगी माणसांत ६८ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या आणि ५० टक्क्यांच्या फुगलेल्या. ऐंशीच्या घरात झीज ९६ टक्के. म्हणजे केस पिकतात तसंच. माझ्या रिपोर्टमधल्या तीन ओळींपैकी दोन ओळी बहुधा माझ्या वयाच्या होत्या. दुखण्याची ओळ एकच, आणि ती कोणती हे फिल्म सांगत नाही. पायाचा पट्टा, अंगठ्याचा जोर आणि फिल्म या तिन्हींचं जुळतं तेव्हा कळतं. माझं एल ४-५ ला जुळत होतं.

दुसरं मत घ्यायला मी जरा घाबरतच गेले. आपल्याकडे दुसऱ्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे पहिल्याचा अपमान असं वाटतं. हे सर्जन वयस्कर, शिकवणारे असावेत, कारण बोलताना सारखा फळा शोधत होते. मी सलवार टेबलावर पसरली. त्यांनी आधी ती बघितली, मग मला तपासलं, फिल्म शेवटी. दुसरा, न दुखणारा पाय उचलूनही बघितला. तो उचलल्यावर दुखऱ्या पायात सणक आली असती तर गादी बाहेर आल्याची ती जास्त पक्की खूण. अंगठ्याचा जोर पाचपैकी चार, असं फाइलवर लिहिलं. पाच म्हणजे पूर्ण जोर. म्हणाले, गादीमुळे पाय दुखतो हे १९३४ साली बॉस्टनच्या दोन डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून दाखवलं, तेव्हापासून आम्ही सर्जन लोक जरा हातघाईवर आलो. पण बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतः खाऊन टाकतं. गंमत म्हणजे नुसता फुगवटा फारसा आटत नाही, पूर्ण बाहेर पडलेला मोठा तुकडा आटण्याची शक्यता जास्त.

नेदरलँडमधल्याच दुसऱ्या एका अभ्यासाचं त्यांनी सांगितलं, २००७ सालचा. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ लोकांपैकी निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना थांबवलं. लवकर केलेल्यांचा पाय लवकर थांबला, यात शंका नाही. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावीच लागली. पण वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. "म्हणजे शस्त्रक्रिया वाईट नाही," ते म्हणाले, "आणि करायची ठरली तर तुमच्यासारखीला बाहेर आलेला तुकडा काढला की पुरे, स्क्रूचं काम नाही. प्रश्न एवढाच, की तुमच्याकडे थांबायला वेळ आहे का?" माझा जोर पाचपैकी चार होता म्हणून होता. दर आठवड्याला येऊन अंगठा तपासून घ्यायचा, तीन झाला की त्याच दिवशी भरती, ही अट. लघवीचं काही झालं तर ताबडतोब, ही दुसरी. मणक्यात सूज उतरवणारं इंजेक्शन हा मधला मार्ग त्यांनी सांगून ठेवला, काही आठवडे आराम पडतो, तुकडा त्याने जात नाही. त्याची वेळ आली नाही.

पैशाची तजवीज मात्र मी तेव्हाच करून ठेवली. धर्मादाय ट्रस्टची जी मोठी रुग्णालयं आहेत त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. रेशन कार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि चौकशी बिलिंगच्या खिडकीवर नाही, समाजसेवा विभागात करायची. खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही. दाखला दुखणं अंगावर असताना काढत बसू नये, आधीच काढून ठेवावा. ससूनचा पर्याय तर होताच. तिथली गर्दी ज्यांनी बघितली नाही तेच त्या रुग्णालयाला नावं ठेवतात.

गोळ्यांचं थोडक्यात. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मोजक्या दिवसांसाठी, जेवणानंतर, पित्ताच्या गोळीसोबत. नसेच्या दुखण्यावरची म्हणून प्रीगाबालिन रात्री दिली होती. तिने सकाळीही डोकं जड राहायचं, आणि मशीनच्या सुईखाली बोटं असणाऱ्या बाईला गुंगी परवडत नाही. माझी मुलगी बी. फार्म.ला आहे. तिने शोधून सांगितलं की २०१७ साली ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या २०९ रुग्णांवर हे औषध तपासलं, साध्या बनावट गोळीपेक्षा दुखणं कमी झालं नाही, चक्कर मात्र जास्त आली. तो कागद घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. ते रागावतील वाटलं होतं, पण त्यांनी डोस हळूहळू कमी करत बंद केला. एकदम थांबवू नका एवढं बजावलं.

कामाची मांडणी बदलायला मात्र डोकं लागलं. बिनपाठीचं स्टूल गेलं, पाठ असलेली खुर्ची आली. कटिंग मी जमिनीवर बसून, पुढे झुकून करायचे. आता ह्यांनी जुन्या दाराचं उंच टेबल करून दिलंय, उभ्याने कापते. बॉबिन संपली की उठायचंच असा नेम. त्यासाठी बॉबिनचा डबा मुद्दाम खिडकीत ठेवलाय. अस्तर, लेस आणायला बोहरी आळीत जाते तेव्हा एकच गठ्ठा न करता दोन पिशव्या, दोन हातांत. स्कूटरवर मागे एका अंगावर बसून जाणं बंद, पुण्यातले गतिरोधक माझ्या मणक्याने मोजलेले आहेत. पीएमटीत उभी राहते, कुणी जागा दिली तर नको म्हणते, आणि लोक विचित्र बघतात. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची आणली, ती आता सासूबाईच जास्त वापरतात.

सकाळी सारसबागेला फेऱ्या मारते. अंगठ्याचा जोर हिवाळाभर पाचपैकी चारच राहिला, संक्रांतीनंतर वाढला. सर्जननी उन्हाळ्यात 'पाच उणे' असं काहीतरी लिहिलं आणि आता तीन महिन्यांनी या म्हणाले. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढले तेव्हा उतरताना कठडा धरावा लागला, चढताना नाही. मोटरचं पायडल मी डाव्या पायाखाली घेतलंय. सुरुवातीला मशीन उधळायचं, आता सवय झाली. अंगठ्याच्या मुळाशी दोन रुपयांच्या नाण्याएवढी जागा अजून बधिर आहे. ती जाणीव सगळ्यात उशिरा परतते, कधी कधी परतत नाही, असं सांगितलंय.

या दिवाळीच्या ऑर्डरी घेते आहे. घागरे आणि वजनदार कामाच्या साड्यांचे फॉल मात्र घेत नाही, ते समोरच्या गल्लीतल्या ताईंकडे पाठवते.